आंबटपणाचे माप

हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग तांबडा होतो आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. पदार्थांची जी एक फार पुरातन विभागणी आहे, तिची ही घरगुती परीक्षा होय. लिंबू, चिंच, आमसूल, ताक ही मंडळी एका बाजूस. चुना, साबण, पापडखार, लाकडाची राख ही दुसऱ्या बाजूस. पहिल्या वर्गाला रसायनशास्त्रात आम्ल म्हणतात, दुसऱ्याला अल्कली. या दोहोंची योग्य प्रमाणात गाठ पडली की आम्लाचा आंबटपणा जातो, अल्कलीचा दाहकपणा जातो आणि मिठाच्या जातीचे एक लवण व पाणी एवढेच मागे उरते.

इतके समजण्यास प्रयोगशाळा लागत नाही. परंतु एखादा पदार्थ 'किती' आंबट आहे असा प्रश्न विचारताच जीभ व हळद दोन्ही मुक्या होतात. या 'किती'चे निश्चित उत्तर शोधून काढण्यास युरोपातील रसायनज्ञांना सुमारे अडीचशे वर्षे लागली. ते उत्तर १९०९ साली कोपनहेगन शहरात, मद्याच्या एका कारखान्याने चालविलेल्या प्रयोगशाळेत मिळाले. आणि त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, त्याच शहरातील एका रुग्णालयात, तेच माप वेळेवर घेतले न गेल्यामुळे रोग्यांच्या मृत्यूचे खरे कारण डॉक्टरांच्या ध्यानी येईना. आंबटपणाच्या मापाचा इतिहास या दोन घटनांच्या दरम्यान उभा आहे.

प्रारंभीचा भाग थोडक्यात सांगता येतो. इंग्लंडातील रॉबर्ट बॉइल याने १६६४ साली रंगांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात व्हायोलेट फुलांचा अर्क आम्लाने तांबडा व अल्कलीने हिरवा होतो हे नमूद केले आणि रंगावरून आम्ल ओळखण्याची पद्धत शास्त्रात रूढ झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील लाव्हाझिए याने आम्लपणाचे मूळ शोधण्याचा यत्न केला. गंधक, फॉस्फरस, कोळसा हे पदार्थ जाळून मिळणारे वायू व भस्मे पाण्यात विरघळली की आम्ले होतात, हे पाहून त्याने असा निष्कर्ष काढला की हवेतील ज्या वायूमुळे ज्वलन घडते तोच आम्लांचा जनक असला पाहिजे. म्हणून त्याने त्या वायूला ग्रीक भाषेतून 'आम्ल उत्पन्न करणारा' या अर्थाचे ऑक्सिजन हे नाव दिले. नाव राहिले, परंतु कल्पना टिकली नाही. १८१० साली हंफ्री डेव्ही याने दाखवून दिले की मिठापासून निघणाऱ्या तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा लवलेश नाही. त्यात आहेत केवळ हायड्रोजन व क्लोरीन. पुढे १८३८ मध्ये जर्मन रसायनज्ञ लीबिख याने आम्लाची व्याख्याच बदलली. ज्यातील हायड्रोजन काढून त्याच्या जागी धातू बसविता येतो तो पदार्थ आम्ल, असे त्याने ठरविले. जनकपद ऑक्सिजनकडून हायड्रोजनकडे आले.

तरीही एक कोडे शिल्लक होते. हायड्रोजन तर शिरक्यातील ॲसिटिक आम्लातही आहे आणि हायड्रोक्लोरिक आम्लातही आहे. मग एक आम्ल भोजनात चालते आणि दुसरे जस्ताचा तुकडा पाहता पाहता खाऊन टाकते, हे कसे? याचा उलगडा उप्साला विद्यापीठातील स्वांटे अऱ्हेनियस या तरुण स्वीडिश विद्यार्थ्याने केला. १८८४ साली त्याने डॉक्टरेटसाठी सादर केलेल्या प्रबंधात द्रावणांतून वीज कशी वाहते याचा विचार होता. परीक्षकांना तो फारसा पटला नाही व त्यास कनिष्ठ श्रेणी मिळाली. परंतु प्रबंध हाती पडताच विल्हेल्म ओस्टवाल्ट हा रसायनज्ञ त्याच वर्षी लेखकास भेटण्यासाठी उप्सालास आला. १८८७ मध्ये अऱ्हेनियसने आपला सिद्धांत पूर्ण रूपात मांडला आणि १९०३ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले.

तो सिद्धांत असा. आम्ल पाण्यात विरघळले की त्याचे रेणू फुटतात आणि विद्युत्भार धारण केलेले हायड्रोजनचे कण, म्हणजे हायड्रोजन आयन, मोकळे होतात. आंबटपणा हा त्या मोकळ्या आयनांचा गुण आहे. तीव्र आम्लांचे जवळजवळ सर्व रेणू फुटतात. सौम्य आम्लांचे शेकड्यात एखाददुसरे फुटतात, बाकीचे आपला हायड्रोजन धरून बसतात. व्यवहारातील दाखला घ्यावयाचा तर दोन सधन गृहस्थ कल्पावेत. दोघांचीही संपत्ती समान. परंतु एकाची सगळी रोख रकमेत तिजोरीत, तर दुसऱ्याची जवळपास सगळी जमिनीत गुंतलेली. सावकार हळूहळू वसुली करू लागला तर दोघांकडूनही त्याला अखेर तेवढीच रक्कम मिळेल, कारण रोख संपत जाईल तसतशी दुसरा गृहस्थ जमीन विकत राहील. परंतु एखाद्या विशिष्ट क्षणी खिशात किती, असे विचारले तर दोघांच्या उत्तरांत महदंतर पडेल.

हायड्रोक्लोरिक व ॲसिटिक आम्लांची प्रत्येक लिटरात एक दशांश मोल अशी दोन द्रावणे घेतली, तर ती निष्प्रभ करण्यास कॉस्टिक सोडा अगदी सारखाच लागतो. तरीही पहिल्यातील मोकळे हायड्रोजन आयन दुसऱ्यातील आयनांच्या सुमारे पाऊणशे पट असतात. म्हणजे 'किती आंबट' या एका प्रश्नाच्या पोटात वस्तुतः दोन प्रश्न दडलेले होते: एकूण आम्ल किती, आणि त्यातले या क्षणी मोकळे किती. अल्कली थेंबाथेंबाने घालून आम्लाची मोजणी करण्याची जी जुनी पद्धत होती, ती फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत असे. दुसरा प्रश्न कित्येकांच्या मनातही आलेला नव्हता.

तो प्रश्न ऐरणीवर आला तो सातूपासून तयार होणाऱ्या बिअरच्या निमित्ताने. कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग कारखान्याचा संस्थापक जे. सी. याकोबसेन हा शास्त्राविषयी विलक्षण आस्था बाळगणारा मनुष्य होता. १८७५ मध्ये त्याने कारखान्याला जोडून एक प्रयोगशाळा स्थापन केली आणि तेथे लागणारे शोध गुप्त न ठेवता प्रसिद्ध केले जावेत असे धोरण ठेविले. याच प्रयोगशाळेत एमिल हान्सेन याने १८८३ मध्ये यीस्टची शुद्ध पैदास करण्याची रीत बसविली. त्याच वर्षी योहान केल्डाल याने अन्नधान्यातील नायट्रोजन मोजण्याची जी पद्धत शोधली ती त्याच्याच नावाने आजही चालू आहे. केल्डालच्या मृत्यूनंतर १९०१ साली रसायन विभागाची सूत्रे सोरेन्सन या तेहतीस वर्षांच्या डॅनिश शास्त्रज्ञाकडे आली.

सोरेन्सनचा अभ्यासविषय होता एन्झाइम. मोड आणलेल्या सातूतील पिष्टाची साखर करणारे, किंवा जठरात मांसाचे पचन घडविणारे हे पदार्थ अतिशय लहरी असतात. द्रावण थोडे अधिक आंबट झाले की त्यांचे काम मंदावते, थोडे कमी झाले तरी मंदावते. दोन प्रयोग ताडून पाहावयाचे तर आंबटपणा नेमका मोजला पाहिजे. जुन्या पद्धतीने एकूण आम्ल मोजून काही साधेना, कारण जेथे प्रथिने व नाना प्रकारची लवणे आहेत तेथे घातलेले आम्ल कोणीतरी मधल्यामध्ये अडकवून ठेवीत असे. सोरेन्सनने दाखवून दिले की एन्झाइमाला एकूण आम्लाशी कर्तव्य नाही. त्याला कळते ते मोकळ्या हायड्रोजन आयनांचे प्रमाण. १९०९ साली त्याने या विषयावर जो विस्तृत निबंध प्रसिद्ध केला, त्यात या प्रमाणासाठी एक सुटसुटीत अंकपद्धती सुचविली. तीच आजची पीएच.

तिची गरज का पडली हे आकड्यांवरून ध्यानी येते. अत्यंत शुद्ध पाण्याचेही काही रेणू स्वतःच फुटतात, आणि २५ अंश तपमानास एका लिटर पाण्यात हायड्रोजन आयन असतात एका ग्रॅमचा एक कोटीवा भाग, म्हणजे ०.००००००१ ग्रॅम. अशी शून्यांची माळ प्रत्येक वेळी लिहिणे व वाचणे त्रासाचेच. सोरेन्सनने त्या माळेतील घात तेवढा उचलला. दहाचा उणे सातवा घात, म्हणून पाण्याची पीएच ७. आयन दहापट वाढले की अंक एकाने उतरतो, दहापट घटले की एकाने चढतो. लिंबाच्या रसाची पीएच दोन-तीनच्या दरम्यान, साबणाच्या पाण्याची नऊ-दहाच्या आसपास. अंकाची एक पायरी म्हणजे दसपटीचा फरक, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये. सहा आणि सात हे आकडे शेजारी दिसले तरी त्यांच्यामधील अंतर मोठे आहे.

मोजमापाइतकेच महत्त्वाचे दुसरे एक साधन सोरेन्सनने त्याच निबंधात व्यवस्थित मांडले. प्रयोग चालू असताना पीएच स्थिर कशी ठेवावी? त्याने त्यासाठी सौम्य आम्ल व त्याचेच लवण यांची मिश्रणे योजली आणि त्यांना जर्मन भाषेत 'पुफर' म्हटले. इंग्रजीत तेच बफर. आगगाडीचे डबे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांच्या टोकांस जे धक्का झेलणारे दांडे असतात, त्यांचेही नाव हेच, आणि कामही तसेच. एक लिटर शुद्ध पाण्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक मिलिलिटर घातला तर पीएच सातावरून थेट दोनाच्या जवळ येते. मोकळे आयन लाखपटीने वाढतात. परंतु ज्या लिटरात ॲसिटिक आम्ल व सोडियम ॲसिटेट प्रत्येकी एक दशांश मोल आहे, त्यात तेवढेच आम्ल घातले तर पीएच ४.७६ वरून सुमारे ४.६५ वर येऊन थांबते. नव्याने आलेले हायड्रोजन आयन ॲसिटेटने पकडून सौम्य आम्लाच्या रूपात बांधून ठेविले. उलट अल्कली घातली असती तर सौम्य आम्लाने आपला राखीव हायड्रोजन सोडून तिला निष्प्रभ केले असते. रोख आणि जमीन यांच्या दाखल्यातील जमिनीचे महत्त्व येथे दिसते. अर्थात ही शक्ती अमर्याद नाही. ॲसिटेटचा साठा संपला की बफरही संपला, आणि त्यापुढचा प्रत्येक थेंब पीएच सरळ खाली ओढतो.

निसर्गाने ही युक्ती फार पूर्वीच योजलेली आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात लॉरेन्स हेंडरसन हा शास्त्रज्ञ याच सुमारास मानवी रक्ताचा विचार करीत होता. शरीरात अन्नाचे ज्वलन होऊन दिवसाकाठी अर्ध्या किलोग्रॅमहून अधिक कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, आणि हा वायू पाण्यात विरघळला की आम्ल होते. तरीही निरोगी मनुष्याच्या धमनीतील रक्ताची पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यातून हलत नाही. एका लिटर रक्तात मोकळे हायड्रोजन आयन असतात एका ग्रॅमचा अडीच कोटीवा भाग. ते दुप्पट झाले तर जीव धोक्यात येतो, चौपट झाले तर सहसा वाचत नाही.

हेंडरसनने १९०८ मध्ये दाखविले की या पहाऱ्याचा मुख्य भार बायकार्बोनेट व कार्बनिक आम्ल या जोडीवर आहे. ही जोडी म्हणजे खाण्याचा सोडा आणि सोडावॉटरमधील वायू यांचेच रक्तातील रूप. प्रथिने, विशेषतः हिमोग्लोबिन, त्यांस साहाय्य करतात. पीएच ठरते ती या दोघांपैकी एकाच्या मात्रेवरून नव्हे, तर दोघांच्या गुणोत्तरावरून. प्रकृती ठीक असताना बायकार्बोनेट वीस भाग, तर विरघळलेला वायू एक भाग. शिवाय या बफरला एक खिडकी आहे. प्रयोगशाळेतील बाटलीत आम्ल साठत जाते. शरीरात ते वायुरूपाने फुप्फुसांवाटे बाहेर पडते. आम्ल वाढले की श्वास आपोआप जलद होतो व जादा वायू निघून जातो. खिडकी उघडी आहे तोवर वीसास एक हे प्रमाण राखता येते.

कोपनहेगनमधील कार्ल हॅसेलबाल्क याने हेंडरसनचे समीकरण १९१६ मध्ये सोरेन्सनच्या अंकपद्धतीत बसविले. तेव्हापासून ते दोघांच्या संयुक्त नावाने ओळखले जाते. बायकार्बोनेट, वायू आणि पीएच या तीन राशींपैकी कोणत्याही दोन मोजल्या की तिसरी त्यावरून काढता येते. १९२३ साली त्याच शहरातील ब्रन्स्टेड व इंग्लंडातील लोरी यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, आम्ल म्हणजे हायड्रोजन आयन देणारा व अल्कली म्हणजे तो घेणारा अशी व्यापक व्याख्या दिली. शास्त्राच्या दृष्टीने प्रकरण जवळजवळ पूर्ण झाले होते.

रुग्णालयात मात्र ते पूर्णत्वास गेले नव्हते. रक्ताची पीएच मोजणे हे त्या काळी नाजूक व वेळखाऊ काम होते. हायड्रोजनच्या विद्युत्-अग्राने ती मोजावयाची तर तज्ज्ञ हात हवा. काचेच्या अग्राचे सोपे उपकरण प्रचारात आले ते १९३५ नंतर. कॅलिफोर्नियातील आर्नल्ड बेकमन याने ते मूळ लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजण्यासाठी बनविले होते. रुग्णालयांत त्याऐवजी अमेरिकन शास्त्रज्ञ वॅन स्लाइक याच्या उपकरणाने रक्तातील एकूण कार्बन डायऑक्साइड मोजण्याचा प्रघात होता. रक्तद्रवात आम्ल घालून सगळा वायू बाहेर काढावयाचा व त्याचे माप घ्यावयाचे. त्यातील बहुतांश वायू बायकार्बोनेटमधून येतो, म्हणून आकडा मोठा आला तर रक्तात अल्कली वाढली, लहान आला तर आम्ल वाढले, असा ठोकताळा बसला होता. बहुतेक रोग्यांच्या बाबतीत तो खराही ठरे. परंतु बारकाईने पाहिले तर ही पुन्हा एकूण संपत्तीचीच मोजदाद होती. वीसास एक हे प्रमाण राहिले की मोडले, हे तीवरून कळत नव्हते.

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. शहरातील साथीच्या रोगांचे ब्लेगडाम रुग्णालय रोग्यांनी भरून गेले. भरतीच्या दिवसांत रोज पन्नासाच्या आसपास नवे रोगी येत. त्यांत मुलांचा भरणा मोठा होता. कित्येकांचे श्वसनाचे स्नायू व गिळण्याची शक्ती लुळी पडलेली. त्यांच्यासाठी रुग्णालयाजवळ एक 'लोखंडी फुप्फुस' आणि छातीवर बसविण्याची सहा श्वसनयंत्रे एवढीच सामग्री होती. पहिल्या तीन आठवड्यांत अशा यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. मुख्य वैद्य प्राध्यापक लासेन यांना रक्ततपासणीत एकूण कार्बन डायऑक्साइडचा आकडा फार मोठा दिसे. ठोकताळ्यानुसार अर्थ लावला गेला की रक्तात अल्कली वाढली आहे. ती का वाढावी याचे उत्तर नव्हते. पोलिओच्या विषाने मेंदूतील केंद्रांवर व शरीराच्या रसायनावर काही गूढ परिणाम होत असावा, असे मानले जाई. रोग्यांस ऑक्सिजन दिला जात असल्याने कातडी निळी पडत नसे, आणि त्यामुळे श्वसन बरे चालले आहे असा भास होई. मरणापूर्वी अंगास दरदरून घाम सुटे, रक्तदाब चढे, शुद्ध हरपे.

लासेन यांचे सहकारी ब्यॉर्नबो यांनी सुचविले की शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणाऱ्या एखाद्या डॉक्टरास बोलावून पाहावे. अशा रीतीने २५ ऑगस्ट १९५२ रोजी ब्यॉर्न इब्सेन यांस पाचारण करण्यात आले. इब्सेन यांनी अमेरिकेत बॉस्टन येथे भूलशास्त्राचे शिक्षण घेतले होते, आणि बेशुद्ध रोग्याचा श्वास हाताने चालविणे हे त्यांचे रोजचे काम होते. त्यांनी रोगी पाहिले, तपासण्यांचे कागद पाहिले, मृतांची फुप्फुसे पाहिली. त्यांचे मत उपस्थितांहून भिन्न पडले. रक्तात अल्कली मुळीच वाढलेली नाही. वायू कोंडला गेला आहे. ऑक्सिजन आत पोहोचतो, परंतु दुर्बळ श्वासाने कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. रोगी आम्लाने मरत आहेत.

एकाच आकड्याचे दोन उलट अर्थ कसे संभवतात हे उदाहरणाने पाहता येते. निरोगी रक्तद्रवाच्या लिटरात बायकार्बोनेट २४ भाग व विरघळलेला वायू १.२ भाग असतो, बेरीज २५.२, गुणोत्तर वीसास एक, पीएच ७.४. समजा खिडकी बंद झाली, वायू ३ भागांवर चढला आणि त्याच्या ओघाने बायकार्बोनेट ३० झाले. बेरीज आता ३३. ठोकताळ्याप्रमाणे अल्कली वाढली. गुणोत्तर मात्र दहास एक, पीएच ७.१, आणि मोकळे हायड्रोजन आयन दुप्पट. एकूण आकडा जो निर्वाळा देतो त्याच्या नेमका उलट प्रकार रक्तात चाललेला असतो.

इब्सेन यांना आपले म्हणणे सिद्ध करून दाखविणे भाग होते. २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीवर तो प्रयोग झाला. तिचे हातपाय लुळे पडले होते आणि ती स्वतःच्याच कफात गुदमरत होती. तिच्या श्वासनलिकेस छेद देऊन नळी बसविण्यात आली, आणि नळीस रबरी पिशवी जोडून ती हाताने दाबून श्वास देण्यास सुरुवात झाली. पिशवीच्या वाटेत सोडा व चुना यांचे मिश्रण भरलेला डबा होता. बाहेर येणारा आम्लधर्मी वायू ती अल्कली शोषून घेई. प्रारंभी मुलीची धडपड पिशवीच्या लयीशी जुळेना, तेव्हा भुलीचे औषध देऊन ती शांत करण्यात आली. मग छाती हलू लागली, कोंडलेला वायू बाहेर पडू लागला, आणि घाम व चढलेला रक्तदाब दोन्ही उतरले. खात्रीसाठी तिला पुन्हा छातीवरच्या यंत्रावर ठेवून पाहिले, तेव्हा तीच भयंकर लक्षणे परतली. पिशवी हाती घेताच पुन्हा निवळली. मुलगी वाचली.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पाउल आस्ट्रुप यांनी आता काचेच्या अग्राने रक्ताची पीएच मोजली. ती सातच्या दिशेने उतरलेली होती. अल्कलीचा समज त्या एका आकड्याने निकालात निघाला. एकूण वायू व पीएच या दोन मापांवरून हेंडरसन-हॅसेलबाल्क समीकरणाने रक्तातील वायूचा दाब काढता येऊ लागला, आणि पिशवी अधिक दाबावी की कमी, हे त्यावरून ठरू लागले. बिअरच्या कारखान्यात जन्मलेले माप रोग्याच्या खाटेपाशी येऊन पोहोचले.

परंतु माप कळले म्हणून श्वास मिळत नाही. एका वेळी सत्तर रोग्यांपर्यंत श्वास देण्याची पाळी आली, आणि तेवढी यंत्रे साऱ्या देशात नव्हती. तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांना हाक घालण्यात आली. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने खाटेशी बसले व रात्रंदिवस हाताने पिशव्या दाबीत राहिले. मुलांना बोलता येत नसे. विद्यार्थी त्यांस गोष्टी वाचून दाखवीत आणि एका हाताने श्वास चालवीत. काही आठवडे, काही महिने हे चालले. सारेच वाचले नाहीत. पाळीवर असतानाच हाताखालचे मूल गेल्याचा अनुभव कित्येक विद्यार्थ्यांस आला. तथापि आरंभी शंभरात ८७ असलेले मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

१९५३ च्या डिसेंबरात इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच नगरपालिका रुग्णालयात अत्यवस्थ रोग्यांसाठी अहोरात्र देखरेखीचा स्वतंत्र विभाग उघडला. आज ज्यास अतिदक्षता विभाग म्हणतात त्याचा तो आरंभ मानला जातो. १९५५ मध्ये पोलिओवरील लस आली आणि अशा साथींचे भय ओसरत गेले. आस्ट्रुप यांनी १९५६ साली रक्तातील वायूचा दाब पीएचच्या साहाय्याने झटपट काढण्याची रीत बसविली. पुढे तो दाब थेट मोजणारी अग्रेही आली.

आज कोणत्याही मोठ्या गावच्या रुग्णालयात अत्यवस्थ रोग्याच्या धमनीतील थोडे रक्त घेऊन काही मिनिटांत तपासणीचा कागद हाती मिळतो. त्यावर पीएच, कार्बन डायऑक्साइडचा दाब आणि बायकार्बोनेट हे तीन आकडे एकाखाली एक छापलेले असतात. एकच आकडा का नाही, असे नातेवाइकांस वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर ब्लेगडाम रुग्णालयातील त्या तीन आठवड्यांत आहे. एकूण किती आणि मोकळे किती हे दोन प्रश्न सोरेन्सनने १९०९ मध्ये वेगळे केले होते. ते खाटेपाशीही वेगळे विचारले पाहिजेत हे कळण्यास त्रेचाळीस वर्षे आणि सत्तावीस जीव खर्ची पडले. तीन आकडे वेगवेगळे छापण्याची पद्धत त्या अनुभवातून आली आहे.